चकतीच्या पोटावरचा शिक्का

तुम्ही ती बघितली नाही. बघितली नाही आणि खाली लिहून मोकळे झालात, ‘सादर केलेली चकती चालत नाही, सबब पुरावा ग्राह्य धरता येत नाही.’ चालणार कशी? तिच्या पोटावर शिक्का तुम्हीच मारलात. जांभळा, गोल, मधोमध आवक क्रमांकाची जागा, आणि त्या जागेत बॉलपेन दाबून घातलेला आकडा. ज्या बाजूला काही लिहायचं नसतं, बोटसुद्धा लावायचं नसतं, त्या बाजूला. आणि चुकून एका चकतीवर नाही, तिन्ही चकत्यांवर, ओळीनं.

रंजिता हे मनात कोणाला म्हणत होती ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पत्राखाली सही होती, नाव नव्हतं. सहीच्या आधी ‘करिता’ असा शब्द होता, म्हणजे ज्यानं सही केली तो साहेब नव्हता आणि जो साहेब होता त्यानं सही केली नव्हती. नवीन पनवेलातल्या त्यांच्या इमारतीच्या खाली, पत्रपेट्यांच्या समोर, शाळेची पर्स काखेत धरून ती पत्रासोबत परत आलेली एक चकती उन्हात तिरकी करत राहिली. चकतीवर इंद्रधनुष्य फिरत होतं आणि शिक्का त्यात आडवा पडला होता, उजळल्या अंगावर डाग पडावा तसा. वरच्या बाजूला तिनं स्वतः मार्करनं लिहिलं होतं, ‘अर्जदार: चंद्रावती जगन म्हात्रे, चित्रफीत, प्रत १.’ त्या बाजूला शिक्क्याला जागा उरली नसावी. तिनं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं हीच चूक झाली म्हणायची. ती लिफ्टमधून वर गेली. संतापाच्या खाली, तळाशी कुठंतरी, सुटल्यासारखं वाटलं. हे सुटणं कशाचं ते तिला ठाऊक होतं.

प्रकरण साधं होतं. प्रकल्पात गाव गेलं. गाव गेलं म्हणजे घरं गेली, आणि घरांच्या बदल्यात भूखंड द्यायचे ठरले ते चुलीच्या हिशेबानं. ज्याची चूल ठरलेल्या तारखेच्या आधीपासून वेगळी, त्याला वेगळा भूखंड. रंजिताच्या वडिलांच्या, बळीराम म्हात्र्याच्या घराला एक भूखंड मिळाला. तो आता मितेशच्या, म्हणजे रंजिताच्या भावाच्या नावावर आहे. बळीरामाच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको चंद्रावती, रंजिताची काकी, त्याच घराच्या मागच्या पडवीत तीस वर्षं राहिली, तिथंच शिजवून जेवली. पण तिच्या नावावर विजेचं बिल नव्हतं, रेशनकार्डावर ती बळीरामाच्या कुटुंबात, घरपट्टी एकच. मोजणीला माणसं आली तेव्हा ती करंज्याला भावाकडे, माहेरी गेली होती. पडवीला कुलूप होतं. मोजणारानं कुलूप बघितलं आणि लिहिलं, ‘गोठा.’ पडवीत गुरं कधीच नव्हती. पण गोठा म्हटलं की गोठा, आणि गोठ्याला चूल नसते. नंतर यंत्र आलं आणि दुपारी तीनपर्यंत पडवी, ओटा, माजघर, सगळं एकाच लाल ढिगाचं झालं. त्या ढिगातून कोण काय वेगळं काढणार? उरली ती एक व्हीएचएस कॅसेट. रंजिताच्या हळदीची. कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख, मे महिन्यातली, ठरलेल्या तारखेच्या दोन वर्षं आधीची.

कचेरीनं सांगितलं होतं, पेनड्राइव्ह चालणार नाही, मोबाइल चालणार नाही, घरच्या डीव्हीडी प्लेअरवर लागेल अशी चकती आणा, तीन प्रती. आजच्या काळात चकती. रंजिताचा नवरा परेश हसला होता. म्हणाला, दगडावर कोरून न्या असं नाही म्हणाले हे नशीब. पण रंजिताला त्यात हसू आलं नाही, कारण तिला येत होतं ते काम. ती शाळेच्या संगणकखोलीत मदतनीस. तिथले संगणक लिनक्सवर चालायचे, सरकारनं कधीतरी दिलेले, आणि ते बिघडले की दुरुस्त करायला कोणी यायचं नाही, म्हणून तीच शिकली. दहावी झालेली बाई, इंग्रजी मदतीची पानं समोर, मांडीवर शब्दकोश. कुणी शिकवलं नाही आणि कुणाला विचारावं लागलं नाही. हे तिला त्यातलं सगळ्यात आवडायचं. काळ्या खिडकीत ओळ लिहायची, चुकली तर ते तोंडावर सांगतं काय चुकलं, कितव्या ओळीत चुकलं. ‘करिता’ म्हणून सही नाही. उद्या या नाही. साहेब जेवायला गेलेत नाही. फुकटातलं सॉफ्टवेअर, पण माणसाला उत्तर देण्याइतकी लाज त्याला होती.

कॅसेट संगणकात उतरवायलाच एक शनिवार-रविवार गेला. व्हीसीआर मिळाला तो शाळेतल्या शिंदेबाईंच्या माळ्यावरून. कॅसेटला बुरशी, तिनं कापसाच्या बोळ्यानं एकेक वाव फीत पुसली. मग तो मोठा व्हिडिओ चकतीच्या मापाचा करायचा, सातशे वीस बाय पाचशे शहात्तर, सेकंदाला पंचवीस चित्रं. यात एक आकडा इकडचा तिकडं झाला की घरच्या प्लेअरवर माणसं चपटी होतात. मग डीव्हीडीऑथर नावाचा प्रोग्रॅम, त्याला एक यादी लिहून द्यायची, कुठल्या मिनिटाला कुठलं प्रकरण सुरू होतं. रिमोटवरचं पुढचं बटण दाबलं की साहेब थेट तिथं पोचावा. तिनं यादीत मिनिटं लिहिली, आणि चकती लावल्या-लावल्या दिसेल अशी पाटी केली: ओटा, तुळस, मागची पडवी, पडवीतली चूल. पाटीचा रंग निळा, अक्षरं पांढरी, साहेबाला चष्मा शोधावा लागू नये म्हणून मोठी. कोऱ्या चकत्या लाइन आळीतल्या एका दुकानदारानं माळ्यावरून काढून धूळ फुंकून दिल्या आणि विचारलं, मॅडम, म्युझियम काढताय का?

तिन्ही चकत्या तिनं शिंदेबाईंच्या घरच्या प्लेअरवर लावून बघितल्या, मग स्वतःच्या, मग शाळेच्या. चालल्या. तसं तिनं अर्जात लिहिलंही. आणि सोबत शपथपत्र जोडलं, वकिलानं दिलेल्या नमुन्यावरून, ‘सदर चित्रफीत मूळ स्वरूपात असून तीत कोणताही फेरफार केलेला नाही.’ खाली सही. रंजिता परेश पाटील. नाव पूर्ण, ‘करिता’ वगैरे काही नाही.

बुधवारी अर्धी रजा टाकून ती कचेरीत गेली. खिडकीमागच्या बाईंनी चकती हातात घेऊन उलटसुलट केली. रंजितानं शांतपणे सांगितलं की हा शिक्का वाचायच्या बाजूला मारलाय, प्रकाश इथून आत जातो, शाई आली की तो अडतो, आणि पेनानं दाबलंय तिथं तर ती कायमची गेली. बाईंना हे पटलं नाही असं नव्हतं. त्यांना ते कुठल्या रकान्यात घालायचं ते कळत नव्हतं. शिक्का मारल्याशिवाय आवक होत नाही, त्या म्हणाल्या. रंजितानं विचारलं, पण या बाजूला का?

“मोकळी जागा दिसेल तिथं मारायचा. असंच आहे इथं,” बाई म्हणाल्या आणि मग थोडा आवाज खाली आणून, “तुम्ही नवीन करून आणा ना मॅडम. पंधरा तारखेच्या आत. वरच्या बाजूला जागा सोडा.”

म्हणजे चालवून बघितली होती का कोणी? बाईंनी कपाटाकडे बोट केलं. प्लेअर कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते प्रशिक्षणाला. रंजिता जिना उतरली. एसटी स्टँडाशी रिक्षावाला तिला चार वेळा ‘ताई, कुठं’ म्हणाला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती त्याच्या रिक्षाला हात लावून नुसती उभी आहे. त्यांनी बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. ते आठ सेकंद कोणाच्या नजरेस, कोणाच्या कानास पडले नाहीत. पडणारच नव्हते, कारण ते त्या चकतीत नव्हतेच. ते तिनं कापले होते.

एक्केचाळिसावं मिनिट. ओट्यासमोर तिचे आबा उभे, बळीराम म्हात्रे, पांढरा सदरा, खांद्यावर पिवळ्या हाताचे ठसे, हळदीच्या खेळात पोरींनी उमटवलेले. मागं धवला चालू. आगऱ्यांच्या घरात लग्नाचं काम पुढं नेते ती धवलारीण. ती गाते आणि तिच्या गाण्याच्या मागून विधी चालतो. त्या दिवशी काकीच धवलारीण होती, पंचक्रोशीत तिच्यासारखा गळा नव्हता, म्हणून विधवा असून गावात तिला कोणी अडवलं नाही. व्हिडिओवाला आबांना म्हणतो, काका, काहीतरी बोला. आणि आबा कॅमेऱ्याकडे बघत, छाती काढून बोलतात, “आमचे घरान आजपन एकच चूल हाय. भाऊ गेला, पन चूल एकच. लिवून घे.”

लिवून घे. एवढा रुबाब. आणि एवढं खोटं. काकीची चूल तेव्हा अठरा वर्षं वेगळी होती. काका खाडीत गेला त्याच्या वर्षभरात आईचं आणि काकीचं कशावरून तरी वाजलं, मिठावरून म्हणतात, मिठावरून कसलं वाजतंय, तरुण विधवा घरात वावरते यावरून वाजलं असणार. आबांनी मागच्या पडवीला भिंत घातली आणि तीन दगड ठेवून दिले. ते कधी बोलायचं नाही असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे कोणी ठरवलं नाही, पण पोराठोरांनासुद्धा कळत होतं की पाव्हण्यांसमोर काकीला ‘आमच्यातच जेवते’ म्हणायचं. भावाची बायको वेगळं शिजवते हे चारचौघांत सांगणं म्हणजे मोठ्या भावाच्या तोंडाला काळं. रंजिता स्वतः सात-आठ वर्षांची असताना एका पाव्हणीला तसं म्हणाली होती आणि आईनं नंतर तिला गुळाचा खडा दिला होता. त्या खड्याची चव तिला अजून आठवते, चव नाही म्हणता येणार, दातात अडकलेलं काहीतरी. आणि त्याच संध्याकाळी ती मागच्या दारानं पडवीत जाऊन काकीच्या पुढ्यात बसून सुकट आणि तांदळाची भाकरी खाऊन आली होती. काकी म्हणाली होती, हळू खा गो बाय, काटा लागल. एवढंच. पुढच्या अंगणात काय बोललं गेलं ते तिला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं की नाही, हे रंजितानं कधी विचारलं नाही.

तर ते वाक्य. कचेरीत गेलं असतं तर दुसरं काही बघायची गरजच उरली नसती. घरच्या कर्त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, तारखेसकट, कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं, चूल एकच. आबांना जाऊन चार वर्षं झाली, ते उठून सांगायला येणार नाहीत की बाबांनो, ते आपलं हळदीतलं बोलणं होतं. तुम्हाला ते बोलणं कबुलीजबाब वाटणार. तुम्हाला अब्रू म्हणजे काय ते रकान्यात घालता येत नाही. म्हणून तिनं एका ओळीत दोन वेळा लिहिल्या, कुठून आणि कुठपर्यंत, आणि एंटर दाबलं. प्रोग्रॅमनं विचारलंसुद्धा नाही का. एवढ्याच बाबतीत तिला वाटलं, विचारायला हवं होतं.

आणि वर सही, फेरफार केलेला नाही. म्हणजे तिच्या चोरीवर पांघरूण घातलं ते त्या गाढवाच्या शिक्क्यानं. शिक्का योग्य बाजूला पडला असता, चकती चालली असती, कोणी मूळ कॅसेट मागितली असती, तर खोटं शपथपत्र दिलं म्हणून काकीचा अर्ज तर गेलाच असता, शिवाय शाळेतली नोकरी. तिला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत होता. पण रागाला पाय टेकायला स्वच्छ जागा मिळत नव्हती. आता नवीन चकती करायची, पंधराच्या आत. कापायची की नाही, एवढाच प्रश्न.

रविवारी दुपारी ती मितेशकडे गेली. चौथी प्रत सोबत होती, घरी ठेवलेली, बिनशिक्क्याची. कारण हेच की काकीनं ती चकती अजून बघितलीच नव्हती. अर्ज तिच्या नावाचा, अंगठा तिचा, आवाज तिचा, आणि तिला दाखवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. रंजिताच्यासुद्धा. मितेश सोफ्यावर आडवा होता, जागेच्या दलालीचे फोन रविवारी जास्त येतात. तो म्हणाला, ताई, सोड ना आता, काकी आहे ना माझ्याकडे, आम्ही काय तिला टाकलंय का? तसं खरंच टाकलं नव्हतं. त्याची बायको निशा काकीची औषधं वेळेवर द्यायची, केस विंचरून द्यायची. फक्त काकी त्यांच्या स्वयंपाकघरात जेवण करत नव्हती आणि त्यांच्या ताटातलं खातही नव्हती. गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली तिनं एक शेगडी मांडली होती, विजेची, आणि त्यावर तिचं अर्धी वाटी तांदळाचं वेगळं शिजायचं. सातव्या मजल्यावर. सगळे तिला हसायचे. मितेश पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडे दोन किचन आहेत, टू बीएचके टू के. हे तो हसत सांगतो आणि कचेरीत कोणी हे ऐकत नाही.

काकीला खुर्चीत बसवलं. निशानं प्लेअर पुसून जोडून दिला. निळी पाटी आली, ओटा, तुळस, मागची पडवी. काकीला वाचता येत नाही, पण पाटीमागं रंजितानं स्थिर चित्र ठेवलं होतं, पडवीच्या दाराचं. काकी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, कडी उलटी बसवलीवती, ती तशीच हाय बघ. रंजिता पडवीतल्या चुलीच्या प्रकरणावर उडी मारणार होती, तेवढंच तर महत्त्वाचं. काकीनं हात वर केला. सुरुवातीपासून लाव. म्हणून ते सगळे बसून राहिले आणि व्हिडिओवाल्यानं घातलेल्या गुलाबांच्या पावसातून, बदामाच्या चौकटींतून, अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची, आता मेलेली माणसं हळद खेळत राहिली. काकी तोंडातल्या तोंडात स्वतःच्याच आवाजामागून म्हणत होती. धवल्यात देवांना बोलावतात, गावदेवीला, शिवेवरच्या देवाला, मग पितरांना, घरातल्या गेलेल्या एकेकाला नाव घेऊन, मांडवात या म्हणून. ओठ हलत होते, बोट मांडीवर ताल धरत होतं. आणि एके ठिकाणी बोट वर राहिलं, खाली आलंच नाही.

“थांबव.”

रंजितानं थांबवलं. तिला कळलं कुठं थांबलंय. खाली मिनिटाचा आकडा बघायची गरज नव्हती.

“एक ओळ गेली,” काकी म्हणाली. “सासऱ्यांचं नाव जालं, आजेसासऱ्यांचं जालं. त्यांचं नाव कुठं गेलं?”

निशाला कळलं नाही, ती म्हणाली, कोणाचं? नवऱ्याचं नाव काकी घेत नाही. कधीच घेतलं नाही. रेशनच्या कचेरीत, दवाखान्यात, अर्जावर अंगठा देताना ‘पतीचं नाव’ विचारलं की ती रंजिताकडे बघते आणि रंजिता सांगते, जगन. फक्त धवल्यात ती ते घ्यायची, कारण धवल्यात ती बायको नसते, धवलारीण असते, आणि नाव घेतलं नाही तर पितर मांडवाबाहेर राहतो. लग्नागणिक इतरांच्या पितरांना बोलावून झालं, पण स्वतःच्या घरच्या मांडवात, स्वतःच्या नवऱ्याला, मोठ्यानं, माणसांसमोर, हे तिच्या जन्मात एकदाच झालं. रंजिताच्या हळदीला. आणि आबांनी नेमकं त्याच ओळीवर आपलं वाक्य टाकलं होतं. रंजिता महिनाभर ते वाक्य ऐकत होती, इतकं, की त्याच्याखाली काय चाललंय ते तिला ऐकूच आलं नव्हतं. तिनं कापलं ते आबांचं खोटं. सोबत गेला काका. म्हणजे तुम्ही त्या पडवीला गोठा लिहून काढून टाकलंत, आणि मी एका ओळीत काढून टाकलं, आणि माझी ओळ तुमच्यापेक्षा बिनचूक होती.

तिनं सांगितलं. थेट सांगितलं, काकी, मी कापलंय. आबा असं असं बोलले होते, ते कचेरीला ऐकू जाऊ नये म्हणून कापलं. मितेश सोफ्यावर उठून बसला. तो म्हणाला, बरं केलंस ना मग, आबांची शोभा कशाला, आणि काकीला पण वाईट वाटलं नसतं. काकीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तिनं विचारलं, दुसरी हाय का, आख्खी? रंजिताच्या पिशवीत लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये मूळ. तिनं तो स्टुलावर ठेवला, एक्केचाळिसाव्या मिनिटावर आणला आणि आवाज पूर्ण वर केला.

आबा बोलले. आमचे घरान आजपन एकच चूल हाय. आणि त्यांच्या भारदस्त आवाजाच्या खालून, पातळ पण सरळ, न थरथरता, काकीचा आवाज गेला, जगन. मांडवात ये. एवढंच. काकीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी रंजिता ऐकत नव्हती, नुसती बघत होती, काकीच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही म्हणून पडद्याकडे बघत होती, आणि तेव्हा तिला ते दिसलं. आबांच्या डाव्या खांद्यावरून मागं घराचं छप्पर दिसतं. कौलांच्या मध्यातून, माजघराच्या जागी, धूर निघतोय. आणि मागच्या उताराच्या टोकाला, जिथं पडवी आहे, तिथून दुसरा. बारीक, निळसर, वाऱ्यानं कललेला. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगतोय एक, आणि त्याच्या डोक्यावर दोन. मधे अख्ख्या माजघराचं छप्पर. कोपऱ्यात तारीख. सगळ्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये दोन्ही चुली पेटलेल्या एकाच चौकटीत दुसरीकडे कुठंही नाहीत. तिनं बाकी सगळं तपासलं होतं. हे आठ सेकंद तिनं फक्त कानानं कापले होते.

तिनं बोट पडद्यावर ठेवलं. काकीला बारीक दिसत नाही म्हणून निशानं लॅपटॉप उचलून तिच्या तोंडापाशी धरला. काकी धुराकडे बघत राहिली. भात लावलावता मी, म्हणाली, पोरींनी हळदीचं खाल्लं नव्हतं कायबी, म्हनून. मग लॅपटॉप बाजूला सारून ती उठली, गॅलरीकडे गेली, कारण शेगडीवर काहीतरी उतू जायच्या बेतात होतं. मितेश मागून म्हणाला, पण आबांचं ते वाक्य कचेरीत गेलं तर ते तेच धरून बसणार ना काकी, एकच चूल, सांगितलं ना तुझ्या दिरानं. झाकण उचलत, मागं न बघता काकी बोलली.

“बोलला तं बोलला. त्याच्या बोलन्यानं माझी चूल इझली का?”

मितेशचा फोन वाजला आणि या वेळी त्यानं तो कापला. काकीला भूखंडाचं काय करायचंय हे रंजितानं मागंच एकदा विचारलं होतं. तिला घर बांधायचं नव्हतं, वयच नाही ते. मना दार पायजे, ती म्हणाली होती, आतून कडी लावता येल असं. गॅलरीला कडी आहे, पण ती हॉलच्या बाजूनं.

त्याच संध्याकाळी घरी येऊन रंजितानं सगळं पहिल्यापासून केलं. शिक्का पुसायचा एक प्रयत्न तिनं आधीच शाळेतल्या स्पिरिटनं करून बघितला होता. शाई गेली, पेनाचा ओरखडा राहिला, आणि प्लेअर त्या ओरखड्याशी येऊन तेच तेच दळायला लागला. ती चकती तिनं टाकली नाही, पाकिटात घालून अर्जाला जोडायला ठेवली. नव्या चकतीत एकही सेकंद कमी नव्हता. यादीत तिनं प्रकरणाची एक नवी वेळ लिहिली, एक्केचाळिसावं मिनिट, आणि ती सगळ्यात वर आणली. पाटीवर त्याला नाव काय द्यायचं यावर ती बराच वेळ अडली. ‘दोन धूर’ लिहिलं, खोडलं. ‘बळीराम म्हात्रे यांचे वक्तव्य’ लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, ‘जगन म्हात्रे यांना बोलावणे.’ काकीला ते वाचता येणार नाही आणि साहेबाला कळणार नाही. राहू दे. यंत्र घरघरत होतं, टक्के वाढत होते. मग तिनं जुनं शपथपत्र फाडलं नाही, त्याच्याखाली दुसरं लिहिलं, की पहिल्या चकतीत मी आठ सेकंद कापले होते, कारण मला तुमची भीती वाटली. वकिलाला हे दाखवायचं नाही असं तिनं ठरवलं. परेशनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, हे कशाला स्वतःहून सांगतेस, नोकरी जाईल. तिला तेही ठाऊक होतं. पण काकीसमोर थेट सांगून झालं होतं आणि त्यानंतर ‘करिता’वाल्यासमोर लपवण्यात काही उरलं नव्हतं.

वरच्या बाजूला तिनं नाव बारीक लिहिलं. खाली एक गोल आखला, शिक्क्याच्या मापाचा, आणि त्यात लिहिलं, शिक्का इथे. मग अर्जाचा शेवट लिहायला घेतला.

‘महोदय, एक्केचाळिसाव्या मिनिटाला माझे वडील सांगतात की घरात चूल एकच होती. ते खोटं आहे आणि ते माझ्या वडिलांनी सांगितलं आहे, हे मी लिहून देते. त्याच वेळी त्यांच्या मागे छपरावर बघा. आवाज बंद करून बघा, हवं तर. मग आवाज चालू करून, वडिलांच्या बोलण्याच्या खाली जी बाई गाते आहे तिचं ऐका. ती अर्जदार आहे. आपल्या कार्यालयानं तिच्या घराला गोठा लिहिलं आहे. प्लेअरच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते प्रशिक्षणाहून आले नसतील तर माझा प्लेअर मी घेऊन येते, वायरसकट, आणि आपल्या टेबलावर लावून देते. आपण फक्त खुर्चीत बसायचं आहे. छपरावर धूर किती आहेत ते मोजून, तो आकडा स्वतःच्या हातानं लिहून, स्वतःच्या नावानं सही करून मला कळवा. किती आहेत?’